फेअरवेची हिरवळ आणि कलमांचा मोहोर: कोकणातील एका रिसॉर्टच्या गोल्फ मैदानाचे प्रकरण

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात, समुद्रापासून काही किलोमीटर आत, एका खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या रिसॉर्टच्या व्यवस्थापनाने आम्हाला बोलावले ते गवतासाठी. त्यांच्या नऊ होलच्या गोल्फ मैदानावर चौथ्या होलपासून सातव्या होलपर्यंत फेअरवेच्या, म्हणजे चेंडू खेळवत नेण्याच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, दोन्ही कडांची हिरवळ विरळ होत चालली होती, ठिकठिकाणी तांबडी माती उघडी पडली होती, आणि दोन हंगाम पाणी वाढवत नेऊनही फरक पडत नव्हता. दिवाळी आणि नाताळ हे त्यांचे गर्दीचे दिवस असल्यामुळे पाहुण्यांच्या छायाचित्रांत ही टकले येऊ नयेत, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती. आंब्याचा विषय पहिल्या बैठकीत निघालाच नाही. तो निघाला दुपारच्या जेवणाच्या वेळी आणि तोही ओझरता: अनेक वर्षे तिथली बाग कराराने घेणाऱ्या वयस्कर बागायतदारांनी या वर्षी करार करायला नकार दिला होता, आणि व्यवस्थापकांना त्याचे कारण कळत नव्हते.

आम्ही त्या काकांना भेटायला गेलो. त्यांचे उत्तर छोटे होते. "झाडं बघा कशी तजेलदार आहेत, असं साहेब मला सांगतात. तजेलदार आहेत म्हणूनच मी घेत नाही." या प्रकरणाचा उलगडा पुढे जो झाला, तो बहुतेक सगळा या दोन वाक्यांत होता, तो आकड्यांत मांडायला आम्हाला मात्र वर्षभर लागले.

मैदानाची रचना आधी सांगणे आवश्यक आहे. गोल्फचा उगम ज्या स्कॉटिश किनाऱ्यावर झाला तिथली मैदाने वाळूच्या टेकाडांवर, वाऱ्याच्या तोंडावर आणि जवळजवळ झाडांविना असतात. त्यांना लिंक्स म्हणतात. पार्कलँड हा प्रकार याच्या उलट असतो. त्यात मैदान किनाऱ्यापासून आत, मातीच्या जमिनीवर असते, कापलेली सलग हिरवळ असते, आणि एका होलची मार्गिका दुसरीपासून झाडांच्या रांगांनी वेगळी केलेली असते. कोकणात समुद्र जवळ आहे म्हणजे मैदान लिंक्स प्रकारचे असणार, असा समज पाहुण्यांत सर्रास आढळतो. पण आपला किनारा बहुतांशी जांभ्याच्या कड्यांचा आणि सड्यांचा, म्हणजे खडकाळ पठारांचा, आहे, आणि या रिसॉर्टने तर जुन्या हापूसच्या बागेमधूनच फेअरवे काढले होते. पार्कलँड मैदानाला लागणारी मोठी, घनदाट, सावली देणारी झाडे लावून वाढवायला दोन पिढ्या जातात. इथे ती आयती उभी होती. आराखडा करणाऱ्याला या संधीचा मोह पडला असेल तर त्याला फार दोष देता येत नाही.

एकूण क्षेत्र सुमारे वीस हेक्टर होते. पहिले तीन होल हॉटेलजवळच्या नारळी-पोफळीच्या कडेने जात, शेवटचे दोन उघड्या सड्यावर होते, आणि मधले चार हापूसच्या कलमांमधून जात. पाणी लागणारे क्षेत्र, म्हणजे टी (चेंडू पहिल्यांदा मारण्याची जागा), फेअरवे आणि ग्रीन (होलच्या छिद्राभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) मिळून, आठ हेक्टरांच्या आसपास होते. जमीन मुळात कातळाची. अशा जमिनीत आंबा लावताना सुरुंगाने खड्डे काढून, त्यात माती भरून कलमे लावण्याची पद्धत कोकणात जुनी आहे, आणि या बागेतली बरीचशी झाडे तशीच लावलेली होती. फेअरवेसाठी त्या कातळावर बाहेरून माती आणून वीतभर जाडीचा थर पसरवला होता. कोलकात्याच्या १८२९ साली स्थापन झालेल्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबाला गंगेच्या गाळाची, ओल धरून ठेवणारी सपाट जमीन लाभली आहे. जांभ्यावरच्या वीतभर मातीकडून तशी अपेक्षा करणे चूक ठरते. पावसाळ्यातल्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, म्हणजे एकेका हेक्टरवर तीन कोटी लिटर पाणी, आणि ते जांभ्यातून झिरपून किंवा वरून वाहून खाडीला मिळते. ऑक्टोबर उजाडला की स्प्रिंकलर सुरू करावे लागतात.

गवत कोणते होते? हरळी. गोल्फच्या जगात जिला बर्म्युडा म्हणतात आणि जिच्या सुधारित जाती महाग दराने विकल्या जातात, ती मुळात आपलीच हरळी होय, जिच्या कोवळ्या जुड्या आपण दूर्वा म्हणून गणपतीला वाहतो. शेतकरी तिला वैतागतो, कारण ती उपटून संपत नाही. जमिनीखालची खोडे तुकड्या-तुकड्यांनी पुन्हा फुटतात. हेच गुण मैदानावर उपयोगी पडतात. तिला दोन गोष्टी मात्र सोसत नाहीत: कडाक्याची थंडी, जी कोकणात पडत नाही, आणि सावली. दिवसाकाठी सहा-आठ तास थेट ऊन मिळाले नाही तर ती लांबट, पांढुरकी होते आणि शेवटी जागा सोडते.

पहिल्या तक्रारीचे निदान त्यामुळे एका सकाळीच झाले. टकले पडलेल्या जागा आम्ही नकाशावर उतरवल्या तेव्हा त्या जवळपास सगळ्या कलमांच्या विस्ताराखाली किंवा त्याच्या उत्तर बाजूला, म्हणजे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असताना जिथे सावली लांबवर पडते तिथे आल्या. गवत तहानलेले नव्हते, ते अंधारात होते. मैदानाची निगा राखणाऱ्या ग्रीनकीपरने मात्र पिवळे गवत पाहून पाणी वाढवले होते, त्याने सुधारणा होईना म्हणून आणखी वाढवले होते, आणि ऑक्टोबरात पाऊस ओसरला की नत्राचा एक हप्ताही दिला होता. गवताच्या शास्त्रात यातले काहीच अडाणीपणाचे नाही. उघड्या फेअरवेवर त्याने हेच केले असते तर शाबासकी मिळाली असती.

इथे अहवाल संपवून आम्ही परत येऊ शकलो असतो. काकांचे वाक्य डोक्यात नसते तर कदाचित आलोही असतो.

हापूसचा मोहोर नोव्हेंबर-डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत टप्प्याटप्प्याने येतो, आणि तो येण्यासाठी झाडाला आधी विश्रांती लागते. पाऊस थांबल्यावर जमिनीतली ओल आटत जाते, रात्री गार होऊ लागतात, पावसाळ्यात आलेली पालवी जून होते, आणि अशा जून फांदीच्या टोकावरच मोहोर फुटतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात मुळांशी ओल आणि नत्र उपलब्ध राहिले तर झाड विश्रांती घेत नाही. ते नवी पालवी काढते. पालवी कोवळी असेपर्यंत त्या फांदीवर मोहोराची आशा नसते. म्हणूनच दिवाळीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला की बागायतदार धास्तावतो. या रिसॉर्टमधल्या चार होलांवरच्या कलमांच्या वाट्याला तर रोजच पाऊस येत होता, आणि तोही नेमका दसऱ्यापासून.

किती, याचा हिशेब आम्ही मांडला. फेअरवेला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी दिले जात होते. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. दहा मीटर विस्ताराच्या कलमाखालचे क्षेत्र सुमारे ७८ चौरस मीटर भरते, आणि स्प्रिंकलरचे वर्तुळ त्याच्या निम्म्या भागावर फिरते असे धरले तरी झाडाच्या मुळांच्या कक्षेत रोज १९५ लिटर पाणी पडत होते. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ हापूसला पाणी देण्याची शिफारस करते ती फळे वाटाण्याएवढी झाल्यावर, दर झाडाला १५० ते २०० लिटर, पंधरा दिवसांच्या अंतराने, तीन ते चार वेळा. म्हणजे विद्यापीठ पंधरवड्याला जेवढे पाणी सांगते तेवढे इथे रोज मिळत होते, आणि ते मोहोर येण्याच्या आधी, नेमके जेव्हा एक थेंबही नको तेव्हा. हा हिशेब कागदावर पाहिल्यावर व्यवस्थापक बराच वेळ काही बोलले नाहीत.

तरीही हिशेब म्हणजे पुरावा नव्हे. या प्रकरणात गोंधळात टाकणाऱ्या तीन गोष्टी होत्या आणि त्यांची दखल घेतल्याशिवाय पाण्यावर ठपका ठेवणे घाईचे झाले असते.

पहिली गोष्ट हापूसच्या स्वभावाची. हापूस वर्षाआड फळतो. एका वर्षी लगडलेले झाड पुढच्या वर्षी हात आखडते. पहिल्या हंगामात मोहोर कमी आला तेव्हा सगळ्यांनी, काकांनीसुद्धा, हेच कारण मानले होते. मात्र दुसऱ्या वर्षीही तीच झाडे मुकी राहिली, तेव्हा काकांना संशय आला. दुसरी गोष्ट कल्टारची. कल्टार या नावाने विकले जाणारे पॅक्लोब्युट्राझॉल हे वाढरोधक जुलै-ऑगस्टमध्ये झाडाच्या विस्तारानुसार, दर मीटरला तीन मिलिलिटर या मानाने, बुंध्याभोवती देण्याची पद्धत कोकणात रुळली आहे, आणि त्याने मोहोर लवकर व नियमित येतो. काका ते दरवर्षी देत. पण फेअरवे झाल्यापासून चार होलांवरच्या झाडांना ते देणे ग्रीनकीपरने थांबवायला सांगितले होते, कारण त्या द्रव्याने बुंध्याभोवतालचे गवत खुरटत होते. यात एक गंमत आहे: परदेशात हेच पॅक्लोब्युट्राझॉल गोल्फ मैदानावरच्या गवताची वाढ आवरण्यासाठी वापरतात. एकाच डब्यातले औषध एकाला मोहोरासाठी हवे होते, दुसऱ्याला हिरवळीसाठी नको होते, आणि ते दोघांच्याही कामाचे आहे हे दोघांनाही कुणी सांगितले नव्हते. तिसरी गोष्ट बुंध्यांची. बाहेरून आणलेली माती पसरताना ती अनेक झाडांच्या बुंध्यापर्यंत चढवली गेली होती, काही ठिकाणी तर कलमाचा सांधाही बुजला होता. बुंधा असा सतत ओलसर भरावात राहिला की साल कुजण्याची आणि खोडकिड्याची भीती असते, आणि अशा झाडाची तब्येत बिघडली तर ते पाण्यामुळे की भरावामुळे, हे बाहेरून सांगता येत नाही.

ही तीन कारणे वेगळी काढण्यासाठी आम्हाला मदत झाली ती मैदानाच्याच आखणीची. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला लागून, सहाव्या होलच्या मागे, कलमांची एक रांग अशी होती की तिथे भराव पडला नव्हता आणि स्प्रिंकलरचे पाणी पोहोचत नव्हते, पण कल्टार तिथेही थांबवले होते. त्या रांगेला मोहोर आला, उशिरा आणि बेताचा, पण आला. म्हणजे कल्टारचा अभाव हे एकटे कारण पुरेसे नव्हते. उलट बाजूला, पाचव्या टीजवळची तीन झाडे भरावातून वाचली होती, त्यांचे बुंधे पूर्ण उघडे होते, पण ती पाण्याच्या कक्षेत होती. ती पालवीने लाल झालेली आम्ही नोव्हेंबरअखेर स्वतः पाहिली. काही झाडांच्या फेअरवेकडच्या अर्ध्या भागावर पालवी आणि पलीकडच्या अर्ध्यावर मोहोर असेही दिसले. ही खूण दिसायला फार बोलकी असली तरी आम्ही तिला कमी वजन दिले, कारण हापूसमध्ये झाड असे अर्धे-अर्धे फुटणे इतर ठिकाणीही आढळते.

पाणी आणि नत्र यांची फारकत मात्र आम्हाला करता आली नाही. जिथे पाणी जात होते तिथेच खत जात होते. पुढे उपाय करतानाही दोन्ही एकदमच थांबवली, कारण मालकांना एक हंगाम प्रयोगासाठी घालवायचा नव्हता, आणि त्यांची बाजू समजण्यासारखी होती. या अभ्यासाची ही उणीव आहे.

आता उपायांकडे. पहिल्या चर्चेत सर्वांत जोरकसपणे मांडला गेलेला पर्याय असा होता की चार होलांवरची कलमे काढावीत आणि त्यांच्या जागी सावली विरळ देणारी, फळांची अपेक्षा नसलेली झाडे लावावीत. गवत सुधारेल आणि वादही मिटेल. गवतापुरता हा विचार अगदी बरोबर होता. त्याला विरोध करताना आम्ही भावनेचा आधार घेतला नाही. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या बागा काही तासांत आडव्या केल्या, आणि त्या भागातले बागायतदार नव्याने लावलेल्या कलमांचे पुरते उत्पन्न हाती येण्याची वाट किती वर्षे पाहत राहतात, हे सगळ्यांना माहीत आहे. उभे, उत्पन्न देऊ शकणारे जुने झाड स्वतःहून तोडून त्याजागी रोप लावणे हा व्यवहार तोट्याचा असतो. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत येणारा पाहुणा गोल्फसाठी येत नाही, तो आंब्यासाठी येतो. बागेतून स्वतः काढलेला, अढीत पिकवलेला आंबा ही त्या रिसॉर्टची खरी जाहिरात होती. हॉटेलचा नफा-तोटा मांडताना नोव्हेंबरातली हिरवळ जमेला धरली जात होती आणि मे महिन्यातला आंबा काकांच्या कराराखाली वेगळ्या वहीत लिहिला जात होता, म्हणून हा संघर्ष इतके दिवस कुणाच्या डोळ्यांवर आला नाही, असे माझे मत आहे.

दुसरा पर्याय पाणी सगळीकडेच कमी करण्याचा होता. तो व्यवस्थापकांनी तत्काळ फेटाळला आणि त्यांना फेटाळण्याचा हक्क होता. मात्र त्या निमित्ताने एकूण पाण्याचा आकडा प्रथमच बोलला गेला. आठ हेक्टरांना दिवसाला पाच मिलिमीटर म्हणजे रोज चार लाख लिटर, दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. नोव्हेंबर ते मे असे सुमारे २१० दिवस ते देत राहिले तर ८४ हजार घनमीटर होतात. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल शेततळे सरळ भिंतींचे धरले तरी २,७०० घनमीटरचे भरते. म्हणजे अशी एकतीस शेततळी, बाष्पीभवनाचा हिशेब न धरता. हॉटेलचे शुद्ध केलेले सांडपाणी या गरजेपुढे अगदी थोडे होते, उरलेले विहिरींतून आणि विंधनविहिरींतून येत होते, आणि खालच्या वाडीतल्या विहिरीचा तळ मार्चअखेर दिसू लागला की वाडीतली माणसे वर हॉटेलकडे बोट दाखवत. ती दाखवत होती ते खरे होते की नाही, हे तपासण्याचे काम आमच्याकडे नव्हते. जांभ्याच्या विहिरी गोल्फ नसलेल्या गावांतही उन्हाळ्यात आटतात. पण रोजचे चाळीस टँकर हा आकडा कळल्यावर व्यवस्थापनाची भाषा थोडी मऊ झाली, एवढे खरे.

शेवटी ठरले ते असे. चौथ्या ते सातव्या होलच्या स्प्रिंकलरना एकच व्हॉल्व्ह होता. तो तोडून प्रत्येक होलला स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवला, आणि झाडांच्या बाजूचे पूर्ण वर्तुळात फिरणारे स्प्रिंकलर काढून तिथे फक्त फेअरवेकडे अर्धवर्तुळात पाणी टाकणारे लावले. या चार होलांचे फेअरवे दोन्ही बाजूंनी अरुंद केले, आणि कलमांच्या विस्ताराखाली गवत राखण्याचा प्रयत्न सोडून दिला. तिथे पालापाचोळ्याचे आच्छादन केले, ज्याचा आंब्यालाही उपयोग होतो, कारण उन्हाळ्यात जमिनीची धग कमी झाली की फळातला साका (गरातला पांढरट, न पिकणारा भाग) आटोक्यात राहायला मदत होते. बुंध्यांवरचा भराव हाताने उकरून काढला. या कामाला यंत्र लावू दिले नाही. कल्टार पुन्हा सुरू झाले. आणि दसऱ्यापासून कणी, म्हणजे बारीक फळे, धरेपर्यंत या चार फेअरवेचे पाणी व नत्र पूर्ण बंद, फक्त ग्रीन आणि टीला हाताने पाणी, असा नियम झाला.

या शेवटच्या नियमावर वाद सर्वाधिक झाला. हरळी पाण्याविना तपकिरी पडते, आणि नाताळात चार होल तपकिरी दिसणार होते. हरळी तपकिरी होते म्हणजे मरत नाही, ती झोपते, हे व्यवस्थापकांना पटवताना आम्ही वाळलेल्या तुकड्यातली जमिनीखालची खोडे चिरून दाखवली. ती आत पांढरी आणि ओलसर होती. त्यांना गवताच्या मरण्याची चिंता नव्हतीच, त्यांना पाहुण्यांच्या चेहऱ्याची चिंता होती. उपाय त्यांच्याच माणसांनी काढला: वर्षअखेरच्या गर्दीत हौशी पाहुण्यांना पहिले तीन आणि शेवटचे दोन होल खेळवायचे, आणि मधले चार ज्यांना खेळायचेच आहेत अशांसाठी मोकळे ठेवायचे. कोरड्या, कडक फेअरवेवर चेंडू अधिक घरंगळतो, त्यामुळे मुरलेल्या खेळाडूंना ते होल उलट आवडले.

खेळाच्या नियमांचाही एक प्रश्न होता. पाचोळ्यात पडलेला चेंडू शोधायचा कसा? २०१९ पासून चेंडू शोधायला पाचाऐवजी तीनच मिनिटे मिळतात, आणि आंब्याच्या पाचोळ्यात तीन मिनिटे पुरत नाहीत. त्यातच मोहोराच्या काळात तुडतुडे आणि भुरीसाठी फवारण्या होतात, त्या झाडाखाली कुणी उभे राहणेही बरे नव्हे. म्हणून विस्ताराखालची जागा खुंट्या मारून खेळास बंद केलेले क्षेत्र म्हणून जाहीर केली, आणि तिथे गेलेला चेंडू दंडाविना बाहेर ठेवण्याची मुभा स्थानिक नियमात दिली. हे काम एका दुपारचे होते आणि त्याने बागेचे व मैदानाचे निम्मे भांडण मिटवले.

पहिल्या हंगामाचा निकाल संमिश्र होता. पाणी तोडलेल्या झाडांपैकी बहुतेकांना जानेवारीत मोहोर आला, काहींना दाट. तो वर्षाआडच्या चक्राचा फायदा नव्हता असे एका हंगामावरून म्हणता येत नाही. दोन वर्षे विसावलेले झाड तिसऱ्या वर्षी फुलणारच, असे कुणी म्हटले तर आमच्याकडे खोडून काढणारे उत्तर नाही. कणी धरल्यावर आळ्यात विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे पाणी दिले. उघड्या भागातले गवत मार्चमध्ये पाणी मिळताच पंधरवड्यात हिरवे झाले. सातव्या ग्रीनला खेटून असलेली दोन कलमे मात्र पालवीतच राहिली, कारण ग्रीनला रोज पाणी द्यावेच लागते आणि ग्रीन हलवण्याचा खर्च दोन झाडांच्या आंब्यांतून निघणारा नव्हता. ती दोन झाडे सावलीची म्हणून सोडून द्यायचे ठरले, आणि काकांनी ती करारातून वगळून घेतली.

करार त्यांनी पुन्हा केला, पण त्यात स्वतःची एक अट घातली. चार होलांच्या व्हॉल्व्हच्या पेट्यांना कुलूप लावायचे आणि त्याची किल्ली दसऱ्यापासून कणी धरेपर्यंत त्यांच्या घरी राहणार. ग्रीनकीपरला ही अट अपमानाची वाटली. पहिल्या वर्षी तो डिसेंबरात दोनदा किल्ली मागायला गेला. दोन्ही वेळा काकांनी त्याला चहा पाजला, बागेत नेऊन फांदीच्या टोकाचे डोळे दाखवले, आणि किल्ली न देता परत पाठवले.